मसाला कांडून मिळणेबाबत

सरोजताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले, व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, आणि वर्तकनगरच्या त्यांच्या सोसायटीतले जे जे शहाळी घेऊन भेटायला आले ते सगळेच म्हणाले. यंदाच्या मसाल्याचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते सरोजताईंनी स्वतःच विचारलं, वॉकर धरून गॅलरीत उभ्या राहून, वाळत घातलेल्या मिरच्यांकडे बघत. सुधीर टिपणीस पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, कारण घरात दोनच माणसं होती आणि त्यातल्या एकाला चालता येत नव्हतं.

"मी जाईन की," ते पेपराआडून म्हणाले.

सरोजताई काही बोलल्या नाहीत. हे न बोलणं सत्तावीस वर्षांपूर्वीचं होतं.

तेव्हा त्यांचं बिऱ्हाड कल्याणला होतं. मालनबाईंच्या डंकावर मसाला कांडायला दरवर्षी सरोजताई जात. मसाला कांडायला नुसता टाकून यायचा नसतो, समोर बसायचं असतं. आपल्या मिरच्या उखळात पडल्यापासून आपला मसाला आपल्या डब्यात येईपर्यंत बाईमाणसाने नजर हलवायची नाही, कारण घरोघरचा मसाला वेगळा, आणि चिमूटभर जरी दुसऱ्याचा मिसळला तरी वर्षाची चव गेली. त्या वर्षी लेकीला, उर्वीला, गोवर निघालेला म्हणून सुधीररावांना पाठवलं. ते पाऊण तास नीट बसले. मग चहावाला आला. चहावाल्याबरोबर टपरीपर्यंत गेले, तिथे कचेरीतला कुणी भेटला, आणि परत आले तेव्हा मसाल्याचा डबा तयार होता. डबा छान होता, मसालाही छान होता, फक्त तो त्यांचा नव्हता. त्यांचा कुणी नेला ते आजतागायत कळलेलं नाही. वर्षभर टिपणिसांच्या घरात कुण्या अनोळखी कुटुंबाच्या चवीची आमटी शिजली. सरोजताईंनी भांडण केलं नाही. त्या फक्त रोज वाढताना म्हणायच्या, "घ्या, त्यांची आमटी."

माणसाने अपमान विसरावा म्हटलं तरी रोज दोन वेळा गरम गरम वाढला तर कसा विसरणार?

पण आता सुधीररावांच्या हातात फोन होता. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना जे थोडे मित्र उरले होते त्यात फोनचा नंबर वरचा. या फोनवर त्यांनी विजेचं बिल भरलं होतं, दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, आणि हयातीचा दाखलासुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या दिला होता. फोनकडे बघून डोळ्यांची उघडझाप केली, फोनला पटलं की टिपणीस जिवंत आहेत. खात्यात असताना हीच गोष्ट पटवून द्यायला म्हाताऱ्या माणसांना ते तीन तीन फेऱ्या मारायला लावत, हे आठवून त्यांना थोडी लाज वाटली आणि फोनबद्दलचा आदर आणखी वाढला.

"हे बघ," ते म्हणाले, "मी तिथे बसणार, आणि तू इथून बघणार. व्हिडिओ कॉल. तुझी नजर तिथेच. मी आपला नुसता खुंटा."

सरोजताईंनी पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळून पाहिलं. "खुंटा चहाला जात नाही," त्या म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

ही बातमी शेजारच्या हेमाताईंना भिंतीतून कळली असावी. पंधरा मिनिटांत त्या दारात हजर. "भाऊजी, कल्याणला जाताच आहात तर माझ्या पण मिरच्या न्या. आमचा मालवणी, फार नाही, तीनच किलो. आणि मला पण त्या कॉलमध्ये घ्या हो, मला बघितल्याशिवाय चैन नाही पडायचं." संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरं वाढली. चारही घरांचा माल आला तो एकसारख्या हिरव्या कापडी पिशव्यांतून, कारण सोसायटीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून त्याच पिशव्या वाटल्या होत्या. चार हिरव्या पिशव्या ओळीने पाहून सुधीररावांना तो जुना, दुसऱ्याचा डबा आठवला. मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी शिवली, आवक क्रमांक एक ते चार टाकले, आणि सोबत पाठवलेल्या रिकाम्या डब्यांवर तेच क्रमांक लाल शाईत घातले.

आता नंबर लावायचा. मालनबाईंचा डंक फोनवर आहे असं कळलं, तेव्हा सुधीररावांनी त्या नंबरवर रीतसर मजकूर धाडला. "प्रति, माननीय मालनबाई. विषय, मसाला कांडून मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की," वगैरे वगैरे, आणि शेवटी "आपला विश्वासू." पाठवायचा अवकाश, उत्तर आलं. "नमस्कार. भाजून कांडपासाठी १ पाठवा. नुसत्या कांडपासाठी २. हळदीसाठी ३. इतर चौकशीसाठी ४."

सुधीररावांना वाटलं, पत्र वाचलंच नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा तेच उत्तर, तितक्याच अदबीने. त्यांनी दुसरं स्मरणपत्र पाठवलं, त्यात "खेद वाटतो" असे शब्द घातले. फोनने पुन्हा नमस्कार केला आणि एक ते चार आकडे पुढे ठेवले. अखेर त्यांनी हार मानून २ पाठवला. त्यासरशी आलं, "तुमचा नंबर ११. मंगळवार, सकाळी साडेदहा. पिशवीवर नाव घालून आणा."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. तेहतीस वर्षं त्यांनी काउंटरमागे बसून जगाला हेच सांगितलं होतं, अर्ज विहित नमुन्यात आणा. पण तिसऱ्या वेळी सांगताना त्यांचा आवाज चढायचा. याचा चढला नाही. "याला म्हणतात क्लार्क," ते सरोजताईंना म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

सोमवारी रंगीत तालीम झाली. दुसऱ्या मजल्यावरचा मयूर संगणकाच्या नोकरीत होता. त्याने फोन उभा ठेवायला एक छोटं तीन पायांचं तिकाटणं आणून दिलं, चारही घरांचा कॉल जोडून दाखवला आणि म्हणाला, "काका, एकच लक्षात ठेवा. कॉल लागला की स्क्रीनवर तुम्ही स्वतः दिसाल. मग हे गोल बाणाचं चिन्ह आहे ना, ते एकदा दाबायचं. मागचा कॅमेरा चालू होतो. बस."

सुधीररावांनी वहीत लिहून घेतलं, सूचना (अ).

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश आले. सोसायटीत कुठलीही तालीम त्यांच्याशिवाय होत नसे. "चिन्हं दाबण्याच्या फंदात पडू नका, सुधीरराव. ऐन वेळी बोट भलतीकडे पडतं आणि कॉल कट होतो. सरळ फोनच फिरवून ठेवा. काचेची बाजू डंकाकडे, पाठ तुमच्याकडे. नातवाच्या मुंजीत मी असंच केलेलं. अमेरिकेत बसून त्यांनी आख्खी मुंज बघितली."

सूचना (ब). दोघांचंही म्हणणं सोळा आणे खरं होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. मयूरची मात्रा एकटी लागू पडली असती, सुदेशरावांचीही एकटी लागू पडली असती. पण सुधीररावांनी आयुष्यात कधी कुठली सूचना डावलली नव्हती.

मंगळवारी सकाळी त्यांनी फोनवरून गाडी बोलावली. गाडी आली, चार पिशव्या मागे चढल्या, आणि ड्रायव्हर म्हणाला, "काका, ओटीपी सांगा." सुधीररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने नजर खाली केली. बँक त्यांना आठवड्यातून दोनदा बजावत होती की ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी आमच्या माणसालाही नाही. ते गाडीत ताठ बसून राहिले. ड्रायव्हर म्हणाला, ओटीपीशिवाय गाडी सुरू करता येत नाही. सुधीरराव म्हणाले, मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे, न देण्याचा मला. शेवटी गॅलरीतून हेमाताई ओरडल्या, "भाऊजी, हा वेगळा ओटीपी, हा सांगायचा असतो." मग त्यांनी तो ड्रायव्हरच्या कानात सांगितला. खोपट मागे पडेपर्यंत मिरचीने ड्रायव्हरला अकरा शिंका आल्या, आणि कल्याण येईपर्यंत दोघांची चांगली मैत्री झाली होती.

डंकाच्या दारात सुधीररावांना वाटलं आपण चुकलो. सत्तावीस वर्षांपूर्वी इथे पहाटेपासून बायांची रांग असे, पुढे कोण मागे कोण यावरून भांडणं असत. आज बाकावर तीनच बायका होत्या. भिंतीवरच्या पाटीवर नंबर होते, आणि मालनबाई नाकाला पदर बांधून एका हाताने चाळण हलवत होत्या, दुसऱ्या हातात फोन. त्या फोनशी बोलत होत्या, "नाशकाच्या ताई, हा बघा तुमचा पहिला चाळ. रंग बगून घ्या. अजून एकदा टाकते." सून संचिता कोपऱ्यात बसून पुढच्या नंबरांना निरोप धाडत होती.

"तुमीच ना ते विषयवाले काका?" मालनबाईंनी विचारलं.

सुधीरराव गोंधळले.

"मला वाचायला जड जातं. फोनच वाचून दावतो. तुमचं पत्र आलं ते फोनमधल्या बाईनं मोठ्यानं वाचलं. विषय, मसाला कांडून मिळणेबाबत. आमी तीनदा ऐकलं. शेवटाला ती 'आपला विश्वासू' म्हणाली तवा हितल्या साऱ्या बाया हसल्या." मग पुरुषमाणसाला वाईट वाटलंसं दिसलं म्हणून म्हणाल्या, "पर चांगलं लिवलंय हां. एवढ्या मानानं मला कुनी लिवलं नव्हतं कधी."

सुधीररावांची मान ताठ झाली. त्यांनी विचारलं, हे फोनचं सगळं कसं काय जमवलंत. "सुनेनं सुरू करून दिलं, मी चालवते," मालनबाई म्हणाल्या. "पूर्वी मसाला कांडू का भांडणं सोडवू असं व्हायचं. आता ज्याचा नंबर त्यालाच बोलावते. पुन्याची, नाशकाची गिऱ्हाइकं मिरच्या पाठवत्यात, मी हितनं दाखवते. ठाण्यातली निम्मी घरं तुटलेली, परत जोडली गेली. फोननं लई उपकार केले." सुधीररावांना हे सगळं लिहून घ्यावंसं वाटलं, पण वही हाताशी असूनही त्यांनी आवरलं. आज नजर हलवायची नव्हती.

अकरा नंबर आला. सुधीररावांनी डंकासमोर स्टूल ओढलं, मधल्या फळीवर तिकाटणं ठेवलं, कॉल जोडला. स्क्रीनवर सरोजताई, हेमाताई आणि बाकीच्या दोघी चौकोनांतून डोकावल्या, आणि एका कोपऱ्यात ते स्वतः. सूचना (अ). त्यांनी गोल बाण दाबला, ते स्वतः नाहीसे झाले, त्यांना बरं वाटलं. मग सूचना (ब). त्यांनी फोन उचलून काचेची बाजू डंकाकडे केली, पाठ स्वतःकडे. फोनच्या पाठीवरची तीन गोल भिंगं त्यांच्याकडे बघू लागली. त्यांनी भिंगांकडे पाहिलं, रुमाल नाकाला बांधला आणि मालनबाईंना खूण केली.

डंक सुरू झाला. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. लोखंडी मुसळं उखळात आदळू लागली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग फोनमधल्या चार बायकांचं काय. सुधीररावांना ऐकू आलं ते एवढंच की फोन काहीतरी बोलतो आहे, आणि त्यांना वाटलं, बायका खूश आहेत.

प्रथम आवक क्रमांक एक, सरोजताईंचा. मिरच्या, मग धणे, मग दगडफूल आणि बाकीचं सगळं घरून भाजून दिलेलं. तांबडा धुरळा उठला. पाचव्या मिनिटाला सुधीररावांना पहिली शिंक आली. ती त्यांनी डोळे उघडे ठेवून दिली, हे शास्त्राला धरून नाही, पण त्यांनी ते केलं. मग डोळ्यांतून पाणी, मग नाकातून, मग रुमाल घसरला, तो सावरायलाही त्यांनी हात उचलला नाही. चहावाला आला. त्याने ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी मान हलवली, नजर हलवली नाही. एक डबा भरला, क्रमांक ताडून पाहिला, झाकण लागलं, दुसरा सुरू झाला. चहावाला पुन्हा आला आणि पुन्हा गेला. एक तास दहा मिनिटं ते गृहस्थ त्या स्टुलावर बसून होते, आणि चौथ्या डब्याचं झाकण लागलं तेव्हाच उठले. अशी जबाबदारी पाणीपुरवठा विभागात एकदाही पार पाडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग त्यांनी फोन फिरवून पाहिला.

कॉल संपला होता. खाली त्रेसष्ट निरोप होते. "भाऊजी कॅमेरा फिरवा." "काका, फिरवा." "अहो भाऊजी तुमचं नाक दिसतंय." "मसाला कुठाय?" पुन्हा "फिरवा, फिरवा." मध्येच हेमाताईंनी डंकाच्या नंबरवर निरोप धाडला होता, त्याचं उत्तरही त्यांनी इथे चिकटवलं होतं, "नमस्कार. भाजून कांडपासाठी १ पाठवा." आणि सगळ्यांत खाली सरोजताईंचा एकच निरोप. "राहू दे आता."

सुधीरराव स्टुलावर परत बसले. राहू दे. सत्तावीस वर्षांनी संधी मिळाली होती, आणि तासभर त्यांनी चार घरांना स्वतःचं नाक दाखवलं होतं. मालनबाईंना काय झालं ते कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

परतीच्या गाडीत त्यांनी ओटीपी न मागता सांगितला. वाटेत फोन टिंग करून वाजला. हेमाताईंनी कॉलवर टिपलेलं त्यांचं शिंकतानाचं चित्र कापून मयूरने त्याचं स्टिकर केलं होतं, डोळे सताड उघडे, रुमाल हनुवटीवर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ते फिरत होतं. कुणी पाण्याची टाकी धुणार का विचारलं, उत्तरादाखल शिंक. कुणी सुप्रभात म्हटलं, शिंक. सुधीररावांनी फोनला तोंडी मजकूर सांगितला, "प्रति, सेक्रेटरी. विषय, माझ्या शिंकेच्या अनधिकृत वापराबाबत." फोनने एकही चूक न करता तो टिपून घेतला. रागाच्या भरातही त्यांना कौतुक वाटलं. सुदेशरावांचं उत्तर तत्काळ आलं. तेही स्टिकरच होतं.

घरी चौघीही बसल्याच होत्या. डबे उघडले गेले. हेमाताईंनी आपल्या डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले. "माझाच," त्या म्हणाल्या. बाकीच्या दोघींनीही मान डोलावली. सरोजताईंनी चिमूट हातावर घेतली, वास घेतला आणि झाकण लावलं.

"मसाला बरोबर आहे हो भाऊजी, पण बघायचं राहिलं ते राहिलंच," हेमाताई निघताना म्हणाल्या. "मी संचिताला फोन लावणारच होते, तिचा नंबर आहे माझ्याकडे. तिने येऊन पटकन फिरवला असता. पण वहिनींनीच आम्हाला अडवलं. म्हणाल्या, राहू दे आता, कुणी काही करू नका."

दार लागलं. सुधीरराव अजून चपला घालूनच उभे होते.

"तू अडवलंस?" त्यांनी विचारलं. "का? तुला मसाला बघायचा होता ना?"

"पहिली दहा मिनिटं मीच सगळ्यांत जास्त ओरडत होते," सरोजताई म्हणाल्या. "मग तो चहावाला आला."

सुधीररावांनी चपला काढल्या.

"मसाला दिसत असता तर मी मसालाच बघत बसले असते. इतकी वर्षं तिथे बसून तेच तर बघितलं. आज तुम्हाला बघितलं. डोळ्यांतून धारा लागल्यात, नाक लाल झालंय, त्याने चहा तोंडाशी आणला, आणि तुम्ही ढिम्म. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा माझाच जीव राहिना. मला वाटलं, घ्या हो आता, मी काही म्हणणार नाही. पण तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

 मग त्या वॉकर धरून उठल्या.

"कुठे निघालीस? डॉक्टरांनी उभं राहायला..."

"दहा मिनिटं सांगितलीत. पाच पुरतात." त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, "बसा. तिथे घेतला नाहीत ना, आता घ्या चहा. आलं घालू?"

सुधीरराव बसले. फोन खिशात टिंग वाजला, मालनबाईंच्या डंकाकडून होता, सेवा कशी वाटली ते १ ते ५ मध्ये कळवा. त्यांनी "महोदया" एवढं लिहिलं, पुसलं आणि ५ पाठवला. मग फोन उपडा ठेवून ते चहाची वाट बघत राहिले.